भरल्या ट्रकांची बाजू

सकाळी गाडी सुतासारखी सरळ जायची आणि संध्याकाळी झिंगल्यासारखी यायची. रस्ता तोच, गाडी तीच, चालवणारा तोच. मग मधल्या नऊ तासांत काय घडतं, एवढाच प्रश्न उरत होता, आणि त्याचं उत्तर तिला माहीत होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

ती विमा कंपनीत सर्व्हेअर होती. ठोकलेल्या गाड्या तपासायच्या आणि मालक सांगतो त्यातलं खरं किती ते हुडकून काढायचं, हे तिचं काम. सतरा वर्षं तिने लोकांच्या थापा ऐकल्या होत्या. कुत्रं आडवं आलं, ब्रेकच लागला नाही, समोरच्याने दिवा लावला नव्हता. तोंडाचं ऐकू नका, पत्र्याकडे बघा, असं ती नव्याने लागलेल्यांना शिकवायची. ऑफिसात पाठीमागे तिला भिंगबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आता ते भिंग तिने घरच्याच माणसावर धरलं होतं. नवरा संध्याकाळी घरी आला की आधी आंघोळीला जायचा. सिमेंटच्या कारखान्यात वजनकाट्यावर मुख्य होता तो, दिवसभराची धूळ अंगावर घेऊन यायचा. तो आत गेला आणि नळ सुरू झाला की ही किल्ली उचलून खाली. गाडीच्या काचेवर छोटा कॅमेरा होता, त्यातलं कार्ड काढायचं, वर आणून लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं आणि तो टॉवेल गुंडाळून बाहेर यायच्या आत परत जागेवर. कामात ती किती चलाख होती हे यावरून कळावं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातले सगळे जेवायला उठले की ही एकटी टेबलाशी बसून नवऱ्याचा प्रवास पाहायची आणि डब्यातलं अर्धं तसंच राहायचं.

कारखाना गावाबाहेर. शेवटची वस्ती सुटली की चार मैलांचा दुपदरी रस्ता. सकाळी त्या रस्त्यावर गाडी अशी जायची की कडेची पांढरी रेघ पडद्यावर जागची हलत नसे. संध्याकाळी त्याच चार मैलांत रेघ एकदा जवळ यायची, एकदा लांब जायची, मध्येच झटका बसायचा, की सावरासावर, की परत तेच. गाव लागलं की सगळं सुरळीत. म्हणजे गावात लोक बघतात तेव्हा हा सावध होतो, असं तिने वहीत लिहिलं. हो, वहीसुद्धा घातली होती तिने.

वहीत अजून बरंच होतं. रोज कारखान्यातून निघताना गाडी नोकरमाणसांच्या फाटकातून न जाता ट्रकच्या फाटकाशी जायची आणि तिथे दोन-तीन मिनिटं उभी राहायची. कॅमेऱ्यासमोर नुसती भिंत. ट्रकवाल्यांशी याचं काय काम? घरी आल्यावर तोंडाला पेपरमिंटचा वास. धुळीने घसा सुकतो म्हणे. हाताचे तळवे लाल. खांदे दुखतात म्हणून मलम. बोलणं कमी. एकदा वाकून तिने पुढची चाकं पाहिली, तर दोन्ही टायर आतल्या कडेला घासून गुळगुळीत झालेले. फुटपाथावर आपटून चाकांची दिशा बिघडवली असणार, वहीत नोंद.

आणि दार. रोज संध्याकाळी ती दार उघडायची, त्याच्या हातातली पिशवी घ्यायची आणि घेता घेता एक श्वास ओढून घ्यायची. त्याला कळू नये इतक्या बेताने. तोही उंबऱ्यात क्षणभर थांबायचा, पिशवी नीट तिच्या हातात जाईपर्यंत. पेपरमिंट आणि सिमेंट, याखेरीज कधी काही आलं नाही. पण सतरा वर्षांच्या नोकरीत वास न येण्याचीही किती कारणं असतात हे ती शिकली होती.

उगाच संशय घेणारी बाई नव्हती ती. सव्वा वर्षापूर्वी याच माणसाने भर दुपारी गाडी दुभाजकावर घातली होती. मागच्या सीटवर लेक होती, तेव्हा सहा वर्षांची. पोरीच्या कपाळाला चार टाके पडले. आणि हा दवाखान्याच्या बाकावर बसून सांगत होता, "माझी चूक नाही, गाडीच ओढली गेली. स्टीअरिंग हातात राहिलंच नाही." बोलताना तोंडाला दारूचा भपकारा येत होता. तिने ती गाडी स्वतः तपासली. चाकं, सांधे, ब्रेक, सगळं ठणठणीत. गाडीने काही ओढलं नव्हतं. त्या दिवशी तिने त्याला एकदाच सांगितलं, परत सांगितलं नाही. यापुढे एक थेंब घेतलास तर लेकीला घेऊन ताईकडे जाईन, आणि परत येणार नाही.

त्याने सोडली. खरंच सोडली. पहिले तीन महिने हात कापायचे, चहाचा कप बशीवर वाजायचा. ती बघून न बघितल्यासारखं करायची. वर्ष पूर्ण झालं तेव्हा तिने त्याला भेट दिली. त्याची गाडी जुनी असली तरी पळणारी होती, आणि गाडीला रुंद टायर, मोठी चकचकीत चाकं असावीत असं त्याच्या मनात कधीचं होतं. दुकानासमोरून जाताना तो काचेशी उभा राहायचा. तिने ती चाकं टायरांसकट आणून बसवून घेतली. किल्ली हातात दिली तेव्हा तो माणूस रडला होता. आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांत हे झिंगणं तिच्या लक्षात आलं. बक्षीस मिळालं आणि गडी सैल सुटला, असा तिने अर्थ लावला. दुसरा कोणता लावणार?

ताईशी फोनवर बोलणं झालं. ताईने मागची खोली रिकामी करून ठेवली. शाळेचा दाखला काढायला किती दिवस लागतात तेही विचारून झालं. पण आधी त्याला रंगेहाथ पकडायचं, तोंडावर पुरावा ठेवायचा आणि मग निघायचं, असं तिने ठरवलं. पुराव्याशिवाय तिने कधी कुणाचा दावा फेटाळला नव्हता.

शुक्रवारी कारखान्याच्या बाजूला एक काम निघालं. ऑफिसच्या गाडीने तिला तिकडे सोडलं. काम उरकून ती सुटायच्या वेळेआधी पाव तास ट्रकच्या फाटकासमोर जाऊन उभी राहिली. बाहेर पडणारा प्रत्येक ट्रक सिमेंटच्या गोण्यांनी खच्चून भरलेला. फाटकाशी ट्रक थांबायचा, ड्रायव्हर खाली उतरायचा, चौकीदाराच्या खिडकीतल्या यंत्राच्या नळीत फुंकायचा, यंत्रातून एक चिठ्ठी निघायची, ती खिशात घालून ड्रायव्हर मार्गस्थ. प्यायलेल्याला रस्त्यावर सोडायचं नाही असा कारखान्याचा नियम होता. फक्त ट्रकवाल्यांसाठी. काट्यावरच्या साहेबांना कोण फुंकायला लावणार, असं मनात येऊन ती कडवट हसली.

नवऱ्याची गाडी आली. तिला बघून तो दचकला, हे तिने टिपलं.

"मी चालवते," ती म्हणाली.

तो उतरून शेजारच्या सीटवर जाऊन बसला. तिने मुद्दाम त्याच्या तोंडाजवळून वाकून त्याचा पट्टा ओढून लावला. पेपरमिंट. त्याची नजर एकदा चौकीदाराच्या खिडकीकडे गेली. तेही तिने टिपलं.

"का, आज इथे थांबायचं नाही?"

"आज गाडी तू चालवतेस ना," तो म्हणाला.

टाळतोय, तिने मनात नोंदवलं.

तिला गाडी चालवायची सवय फारशी नव्हती. तिचा जन्म मेलेल्या गाड्या तपासण्यात गेला होता, जिवंत गाडीशी तिचा संबंध थोडा. ती ऑफिसला स्कूटरवर जायची. पण चालवता येत होती, आणि चार मैल तर आणायची होती. तिने ती रस्त्याला घातली, वेग धरला, आणि कुणीतरी स्टीअरिंग तिच्या हातातून हिसकावलं.

खरंच तसं वाटलं तिला. गाडी कडेच्या रेघेकडे धावली. तिने मागे ओढली तर नाक वळेना, आणि वळलं तेव्हा एकदम सुटून पलीकडे गेलं. परत ओढली, परत झटका. समोरून ट्रक येत होता. तिच्या तळव्यांना घाम फुटला, खांदे कानांपर्यंत आले. काचेवरचा कॅमेरा लाल टिकली लावून सगळं टिपत होता आणि त्या कॅमेऱ्यात उद्या जे दिसलं असतं ते तिला आत्ताच दिसत होतं. शुद्धीवरची बाई, जन्मात कधी थेंब न घेतलेली, आणि गाडी हुबेहूब तशीच चाललेली.

तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

भरलेले ट्रक बाजूने जात होते आणि प्रत्येक ट्रकागणिक गाडी हलत होती. मग तिने दार उघडून रस्त्याकडे पाहिलं. डांबरात चाकांच्या दोन रुंद घळी पडल्या होत्या, कडेला उंचवटे. पलीकडच्या बाजूचा रस्ता मात्र पाटासारखा सपाट. तिकडून ट्रक येत होते ते रिकामे, खडखड वाजत.

"सकाळी मी त्या बाजूने जातो," तो म्हणाला. "रिकाम्यांच्या. या बाजूने रोज किती वजन जातं ते मीच मोजतो. गावाआधी ट्रक बाहेरच्या रस्त्याला वळतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

तो समोर बघत राहिला. "काय सांगू? गाडी ओढते म्हणून?"

दवाखान्यातला बाक तिला आठवला, त्यालाही आठवला असणार. एकदा खोटं म्हणून वापरलेलं वाक्य खरं पडलं तेव्हा त्याच्या काही कामाचं राहिलं नव्हतं. गाव येईपर्यंत त्याने चालवली. ती शेजारी बसून त्याचे हात बघत राहिली.

पण भिंगबाई ती. एका झटक्यात संशय सोडला तर तिचं नाव कोण घेणार? शनिवारी नवरा लेकीला स्कूटरवरून पोहायला घेऊन गेला, तशी ही गाडी घेऊन गॅरेजच्या मास्तरांकडे गेली. चाकांची दिशा जुळवण्यात या मास्तरांचा हात धरणारा कुणी नव्हता. तिच्या कंपनीची कामंही तेच करायचे. तिने आडून विचारलं, म्हणजे गाडीत दोष निघतो की चालवणाऱ्यात, एवढंच बघायचं होतं तिला.

मास्तरांनी गाडी एक चक्कर फिरवून आणली, उंच उचलली, चाकं हलवली आणि ठेवणीतल्या आवाजात सुरुवात केली. दोष म्हणावा तर दोष, नाहीतर स्वभाव. जुने टायर अरुंद होते, त्यांची बाजूची भिंत उंच आणि मऊ. घळीचा उतार आला की ती भिंत वाकायची, धक्का गिळून टाकायची, स्टीअरिंगपर्यंत बातमी पोचायची नाही. हे टायर दोन बोटं जास्त रुंद आणि त्यांची भिंत बुटकी, टणक. याची एक कड घळीच्या उतारावर चढते, सगळं वजन त्या कडेवर येतं आणि चाक तिकडेच वळू बघतं. रस्ता सपाट असला तर यांच्यासारखी पकड नाही. रस्ता खचलेला असला तर गाडी घळीचं ऐकते, ड्रायव्हरचं नाही.

"त्यात हवा बघा," मास्तर म्हणाले आणि मापक लावला. दारावरच्या पट्टीवर लिहिलंय त्याहून बरीच जास्त. टणक टायर अजून टणक. पुढची चाकं तोंडाशी थोडी बाहेर फाकलेली, म्हणून आतली कड खाल्ली गेली. आणि खालच्या दांड्याचा रबरी बुश फाटलेला, त्यामुळे चाक जागच्या जागी वळवळतं. हवा पट्टीप्रमाणे करायची, बुश नवा घालायचा, चाकांची तोंडं किंचित आत घ्यायची. तीन हिस्से त्रास जाईल. उरलेला एक हिस्सा चालवण्यात. घळीत चाक घालायचंच नाही, हातभर बाजूने न्यायचं, दोन्ही हात ठेवायचे पण मुठी आवळायच्या नाहीत, गाडी थोडी खेळली तर खेळू द्यायची. भांडत बसलं की जास्त झिंगते.

"आणि पूर्ण घालवायचा असेल तर?"

"तर जुनी अरुंद चाकं परत लावा. मी साहेबांना महिन्यापूर्वीच सांगितलं."

ती थबकली. "ते येऊन गेले?"

"आले होते की. म्हटलं काढून ठेवा ही. नाही म्हणाले. बायकोने दिलीत, काढणार नाही म्हणाले." मास्तर पाना पुसत होते. "बुश तरी बदला म्हटलं, तर गाडी दोन दिवस सोडावी लागेल, घरी काय सांगू म्हणाले. मला काही कळलं नाही, ताई. तुमचं तुम्हाला माहीत."

तिने मान हलवली.

तेव्हा मागवून ठेवलेला बुश हाताशी होता, मास्तरांनी लगेच चाक उतरवायला घेतलं. या चाकांना चोरीपासून बचाव म्हणून एकेक वेगळा नट होता, आणि तो सोडवायची चावी गाडीतच असते, ती द्या म्हणाले. तिने पुढचा कप्पा उघडला. चावीची कापडी थैली तळाशी होती. त्यावर, रबर लावलेली, चिठ्ठ्यांची एक गड्डी.

पातळ कागद, जांभळट अक्षरं. तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि खाली शून्य. दुसरी चिठ्ठी, दुसरी तारीख, शून्य. तिसरी, शून्य. तिच्या बोटांनी सवयीने वेळा ताडून पाहिल्या. रोज कारखाना सुटल्यावर सात-आठ मिनिटांनी. ट्रकच्या फाटकाशी गाडी जी दोन-तीन मिनिटं उभी राहायची, ती यासाठी. त्याला कुणी फुंकायला सांगितलं नव्हतं. ट्रकवाल्यांच्या रांगेत उभा राहून काट्यावरचा साहेब रोज नळीत फुंकत होता.

तिने गड्डी उलटी केली आणि सगळ्यात खालची चिठ्ठी काढली. मंगळवार, चार तारीख.

सोमवारी, तीन तारखेला, तिने पहिल्यांदा कार्ड काढलं होतं. तारीख पक्की आठवत होती, लेकीच्या शाळेत पालकांची सभा होती त्या दिवशी. घाईत तिने कॅमेऱ्याचं छोटं रबरी झाकण उघडंच ठेवलं होतं का? ठेवलं असेल. तिला आठवेना. पण त्याने ते पाहिलं होतं, सगळं ओळखलं होतं, आणि तिला एका शब्दाने न विचारता दुसऱ्या दिवसापासून स्वतःविरुद्धच्या खटल्यात स्वतःचे पुरावे गोळा करायला सुरुवात केली होती. एकोणतीस चिठ्ठ्या. कधी गरज पडली तर दाखवाव्या म्हणून, आणि गरज पडू नये म्हणून कप्प्याच्या तळाशी.

तिला लाज वाटली. इतकी की मास्तरांकडे बघवेना. गॅरेजच्या मागच्या बाजूला जाऊन ती जुन्या टायरांच्या ढिगाजवळ उभी राहिली आणि रडली. मग तोंड धुतलं, चिठ्ठ्या परत रबरात बांधल्या, होत्या तिथे ठेवल्या आणि मास्तरांना चावी दिली. ताईला फोन करून खोलीत तुझं सामान परत भरून टाक म्हणाली. ताईने काय झालं विचारलं तर म्हणाली, टायरचा घोळ होता. ताईला काहीच कळलं नाही.

रविवारी ती काही बोलली नाही. बोलायचं कसं तेच सुचत नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका लिहायला तिला पानंच्या पानं लागत, स्वतःची एक सांगायला पहिलं वाक्य सापडेना.

सोमवारी संध्याकाळी त्याच्या गाडीचा आवाज आला. तिने दार उघडलं. तो जिना चढून आला, उंबऱ्यात आला आणि थांबला. रोजच्यासारखा, क्षणभर, मान जराशी पुढे करून. पिशवी धरलेला हात लांब केलेला. आणि तेव्हा तिला कळलं की हे थांबणं पिशवीसाठी कधीच नव्हतं. हा माणूस गेले कित्येक महिने रोज तिच्या दारात वास द्यायला उभा राहत होता.

तिने पिशवी घेतली. श्वास न घेण्याचं ठरवून घेतली, पण नाकाने आपलं काम केलंच. पेपरमिंट आणि सिमेंट.

"मी चिठ्ठ्या पाहिल्या," ती म्हणाली.

"माहीत आहे. रबर तू दोनदा गुंडाळतेस. मी एकदा."

आतून लेक काहीतरी गुणगुणत होती. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तिला म्हणायचं होतं, उद्यापासून चिठ्ठी काढू नकोस. सगळं जुळवून ठेवलं होतं तिने, सकाळपासून. त्याआधी तोच बोलला.

"आजची काढली नाही."

एवढं बोलून तो तिच्याकडे बघत उभा राहिला. चिठ्ठी नव्हती. कार्ड ती काढणार नव्हती. वही तिने दुपारीच ऑफिसच्या टोपलीत फाडून टाकली होती. तपासायला तिच्या हातात काही म्हणजे काही नव्हतं, आणि भीती तर अजून तशीच होती, जागच्या जागी.

"बरं," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.